खडकाचा पुठ्ठा आणि आईचा गुडघा

आमच्या शेजारचे सुतार कुठलंही काम आधी पुठ्ठ्यात करतात. कपाट करायचं ठरलं की पहिल्यांदा पुठ्ठ्याचं कपाट उभं राहतं. घरच्यांनी चार दिवस त्याला वळसा घालून ये-जा करायची. कुणाचा खांदा लागला नाही, तरच लाकडाला करवत. स्वतःच्या लग्नाआधी मात्र त्यांनी असा काही पुठ्ठा करून पाहिला नाही. ही चूक त्यांची बायकोच सगळ्यांना सांगते.

त्यांच्या दारात वीस वर्षांची छोटी पिकअप असते. मागच्या हौद्यात अवजारांची लाकडी पेटी. गाडी आली त्या आठवड्यात ठेवलेली, ती आजतागायत हललेली नाही. दर गुरुवारी सुतार ह्या गाडीतून आईला तिच्या धाकट्या बहिणीकडे नेतात. मावशी टेकडीवर राहते आणि घर सोडत नाही. आई ऐंशीची आहे आणि गुरुवार सोडत नाही. मध्ये फक्त एक खडक आहे, वाटेच्या मधोमध, कासवासारखा बसलेला. गाडीचे स्प्रिंगचे पाटे ताठ होते तोवर त्याचं काही चाललं नाही. मग पाटे दबले, आणि दर गुरुवारी गाडीचं पोट त्याच्यावर खर्रर्र करून घासायला लागलं.

गेल्या महिन्यात सायलेन्सर फाटला. मेकॅनिक गाडीखालून मान हलवतच बाहेर आला.

"दादा, पुढच्या खेपेला इंजिनचं तेल त्या खडकाला पाजून याल. एक तर गाडी उचला, नाहीतर तिकडे जाणं बंद करा."

गाडी उचलायची म्हणजे लिफ्ट किट बसवायचा. पुढच्या स्प्रिंगांवर जाड चकत्या, मागे नवे पाटे. सुतारांना चार इंचांचा आवडला. चित्रात ती गाडी भलतीच रुबाबदार दिसत होती.

"एवढ्या जुन्या गाडीला दोन इंच पुष्कळ झाले," मेकॅनिक म्हणाला. "चार केले तर ब्रेकच्या नळ्यांपासून सगळंच ताणलं जाईल."

"आधी करून बघू," सुतार म्हणाले, आणि मेकॅनिकला रविवारी घरीच बोलावलं.

शनिवारी ते टेकडीवर जाऊन त्या खडकाच्या मापाचा पुठ्ठा कापून आले. रविवारी गाडी जॅकवर घेऊन चारही चाकांखाली चार-चार इंच फळ्या सरकवल्या. पुठ्ठ्याचा खडक गाडीखालून मोकळा निघाला. सुतार खूश.

तेवढ्यात आई काठी टेकत आली. तिने दार उघडलं, पाय उचलला आणि परत खाली ठेवला.

"अरे, इथे चढायला शिडी लागेल. धाकटीला सांग, आता आपण फोनवरच भेटू."

ती हसतच म्हणाली, पण सुतारांचा चेहरा पडला. खडकाचं माप त्यांनी घेतलं होतं. आईच्या गुडघ्याचं घ्यायचं राहिलं होतं.

मग अर्ध्या-अर्ध्या इंचाने फळ्या काढायला सुरुवात झाली. तीन इंचांवर पाय पोचला, पण गुडघा पुढे येईना. अडीचवर आई चढली. मात्र एकीकडून सुनेने ढकललं आणि दुसरीकडून मुलाने ओढलं. "मी काय कपाट आहे?" तिने आतून विचारलं. दोनवर ती आपली आपण चढली आणि मांडीवर पर्स घेऊन ऐटीत बसली.

पुठ्ठा पुन्हा गाडीखाली गेला. आणि अडकला, बोटभरसुद्धा नाही, पण अडकला.

"उतरू का रे?" आईने हळूच विचारलं.

"तू बस गं."

मेकॅनिक मागे गेला आणि त्याने पेटीचं झाकण उघडलं. चार करवती, सहा रंधे, लोखंडी शिकंजा, शिवाय कुठल्यातरी दाराच्या गंजक्या बिजागऱ्या.

"दादा, मावशींकडे ह्यातलं काय लागतं?"

सुतारांनी पेटीच्या झाकणावरून हात फिरवला. वीस वर्षांत ते पेटीशिवाय कोपऱ्यापर्यंतसुद्धा गेलेले नाहीत. मग त्यांनी एका बाजूची कडी धरली. "धर तिकडून. गुरुवारी ही घरी राहील."

पेटी उतरली, गाडी कंबर सरळ करावी तशी किंचित वर आली, आणि पुठ्ठा पलीकडे निघाला. दोन इंचांचा किट ठरला.

बुधवारी तो बसला. गुरुवारी गाडी खडकावरून गेली. सुतारांनी श्वास रोखून धरला होता. काहीच आवाज झाला नाही.

"खडक कुणी काढला का रे?" आईने विचारलं.

टेकडीवर मावशी दारात आली ती ओल्या हातांनीच.

"अगं ताई! तुम्ही आलात कसे गुपचूप? दर वेळी तो खर्रर्र ऐकू आला की मी चहा टाकते. आज आधणसुद्धा ठेवलं नाही!"

आईने सुतारांकडे वळून पाहिलं.

"बघ. आता खडकापाशी हॉर्न वाजवायचा."