भेट क्रमांक पाच

काजेबाई म्हणायचे तिला सगळे. शर्टांच्या कारखान्यातून गठ्ठे घरी यायचे आणि ती हातानं काजं करायची, दिवसाला दोनशे. एक काज वाकडं जाईल तर शपथ! नवरा टेंपो चालवायचा, टेंपो कर्जाचा. दीड वर्षापूर्वी ऑगस्टात एका सकाळी टेंपो नाक्यावर कुलूप लावलेला सापडला; माणसाचा पत्ता नाही. पोलीस झाले, नातेवाईक झाले, सगळ्यांनी हात टेकले. बँकेनं मात्र टेकले नाहीत. टेंपो ओढून नेला, विकला आणि उरलेलं कर्ज एका वसुली कंपनीकडे सोपवलं.

वसुलीचा हिशेब घरी आला तशी नणंद भडकलीच. ती शाळेत कारकून. तिच्यासमोर आकडा फिरवायची कुणाची टाप नव्हती. "वहिनी, हे बघ! घरभेटीचे पैसे लावलेत, सात वेळा! आपल्या दाराशी कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. सोडणार नाही मी यांना." लेखी तक्रार ठोकली. उत्तरादाखल बँकेनं सातही भेटींचे अहवाल पाठवले. नणंद मोठ्यानं वाचत होती, ती एकदम थांबली. भेट क्रमांक पाच, चौदा मार्च: 'कर्जदार समक्ष भेटले. खोकत होते. मुदत मागितली.'

मार्च! म्हणजे नवरा नाहीसा झाल्यावर सात महिन्यांनी.

"खोटं असणार," नणंद म्हणाली, पण तारीख तिनंही पुन्हा वाचून बघितली. काजेबाईची सुई कापडातच राहिली. खोकायचेच की हो ते, धुरानं. आणि मुदत? मुदत मागण्यात तर जन्म गेला त्यांचा.

त्या दिवसापासून तिचं काही खरं राहिलं नाही. भर दुपारी जिन्यात कुणी खोकलं की ही दार उघडून उभी. बघावं तर वरच्या मजल्यावरचा म्हातारा, नाहीतर कुणीच नाही. कुणी नसलं की जास्तच वेळ उभी राहायची. कडी लावणं सोडलं. काजं वाकडी जायला लागली, गठ्ठे परत यायला लागले. आशा फार वाईट हो, भुतापेक्षा वाईट. भूत निदान मेलेल्याचं तरी असतं.

अखेर बँकेनं दोघींना बोलावलं. वसुलीवालाही आला होता, पन्नाशीचा, झिजलेल्या चपलांचा. नणंदेनं तोंड उघडायच्या आत काजेबाईनंच विचारलं, "कुठं भेटले हो ते तुम्हाला? बरे होते का?"

त्यानं मान खाली घातली. "बाई... मी आलोच नव्हतो. दिवसाला तीस घरं दाखवावी लागतात. चहाच्या दुकानात बसून भरतो फॉर्म. शेरा कोरा राहिला तर पगार कापतात, म्हणून सुचेल ते लिहितो. खोकला मलाच झाला होता तेव्हा." त्यानं मान वर केली नाही. "चुकलं माझं."

उंटावरून शेळ्या हाकल्या मेल्यानं, आणि पायाखाली आलं कोण!

बँकेच्या साहेबांना घाई होती. त्यांनी कागद पुढं सरकवला. "सातही भेटींचे पैसे रद्द. इथं लिहिलंय, भेट झालीच नाही. सही करा."

नणंदेनं पेन दिलं. काजेबाईनं कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "सहा रद्द करा. पाचवी राहू द्या. तिचे पैसे भरते मी."

"अगं वहिनी, वेड लागलंय का? खोटी आहे ती! आत्ता ऐकलंस ना?"

"ऐकलं गं. कळलंही. पण ते भेटलेच नाहीत, असं माझ्या सहीनं नको. एवढं नको करायला लावूस."

चार महिने ही नणंद एकेका रुपयासाठी बँकेशी भांडली होती. तिनं आता पर्स उघडली.

"अर्धे माझे," ती म्हणाली. "दादा माझाही आहे."