जास्तीचं ताट

त्या हिवाळ्यात मी देवीशी बोलणं टाकलं होतं. सकाळी दिवा लावायचे, हळदकुंकू वाहायचे, पण तोंडानं एक शब्द काढायचे नाही. घरातल्या माणसावर रुसल्यावर आपण त्याला वेळेवर वाढतो आणि मान मात्र वळवून घेतो, तसं माझं चाललं होतं. कारण एकच होतं. माझा मुलगा संदीप, सून मागदा आणि तीन वर्षांची नात तारा उन्हाळ्याच्या तोंडाला आंबीचं घर सोडून पोलंडला निघाले होते, ते कायमचे. त्यांना थांबवायची एकही युक्ती माझ्यापाशी उरली नव्हती, आणि ज्या देवीआईनं थांबवायला हवं होतं ती देव्हाऱ्यात नुसती बघत बसली होती.

मागदा पोलंडची. संदीप तिकडे नोकरीला गेला, तिथं त्यांचं जमलं, लग्न झालं, तारा झाली. पुढं आमच्या ह्यांना दम्यानं धरलं तेव्हा संदीपनं तळेगावजवळच्या कारखान्यात नोकरी धरली आणि बायकोपोरीला घेऊन घरी आला. मागदा आपणहून आली, कुणी ओढून आणली नाही, हे मी आधीच सांगते. पण पोलंडची सून म्हणजे गावाला फुकटचा सिनेमा. आमच्याकडे दिवसा दाराला कडी नसते. शेजारणी थेट ओट्यापर्यंत यायच्या आणि तिच्या पातेल्यात डोकावून "ह्ये काय शिजवलंय गं?" म्हणून विचारायच्या. लोणावळ्याला फिरायला नेलं की अनोळखी माणसं तिच्याबरोबर फोटो काढायला रांग लावायची. तिनं खोलीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. मला वाटायचं, दार माझ्यासाठीच लावलंय.

जेवणाची तर एक तऱ्हाच झाली. त्यांच्यात पानात टाकलं तर करणारीचा अपमान होतो, म्हणून ती बिचारी सगळं संपवायची. आमच्यात रिकामं पान दिसलं आणि वाढलं नाही तर घराची अब्रू जाते, म्हणून मी लगेच वाढायचे. ती संपवतेय, मी वाढतेय! तिला वाटायचं सासू छळतेय, मला वाटायचं सुनेला माझ्या हातचं भारी आवडतंय. पोट धरून ती दोन दिवस झोपली तेव्हा कुठं संदीपनं आम्हा दोघींना समोरासमोर बसवून उलगडा केला. तेव्हा हसलो आम्ही. पण प्रत्येक गोष्टीचा उलगडा करायला संदीप घरात कुठं असायचा? त्याच्या पाळ्या चालायच्या, आणि आम्ही दोघी दिवसभर एकमेकींकडे बघत बसायचो.

मग नाताळ आला. आदल्या दिवशी त्यांच्यात मोठं जेवण असतं. दिवसभर उपासासारखं राहायचं आणि आकाशात पहिली चांदणी दिसली की पानावर बसायचं. मागदानं बिटाचं सार केलं, बटाटा भरून करंजीसारखं काहीतरी उकडलं. गच्चीवर ताराला कडेवर घेऊन ती चांदणी शोधत उभी राहिली, पण कारखान्यांच्या दिव्यांपुढे चांदणी काही लवकर सापडेना. शेवटी सापडली. मी खाली येऊन पाहते तर आम्ही पाच जण आणि टेबलावर ताटं सहा. मला वाटलं, पोरीचं मोजायचं चुकलं. मी सहावं ताट उचलायला गेले तर तिनं माझा हात धरला. "आई, ते राहू दे. ते न बोलावलेल्या पाहुण्याचं. रस्ता चुकून कुणी आलं तर त्याला जागा पाहिजे."

मला ते आवडलं. आपल्यातही अतिथी देवच की. पण त्या संध्याकाळी कुणी आलं नाही. एरवी दिवसातून दहादा डोकावणाऱ्या शेजारणी, 'त्यांचा सण आहे, कशाला मध्ये जा' म्हणून नेमक्या त्याच दिवशी फिरकल्या नाहीत. जेवणं झाली, आणि ते कोरं ताट उचलताना मागदा रडायला लागली. तिची आई गुडघ्यांनी अधू, एवढा प्रवास तिला झेपणारा नव्हता. वडील नाहीत, भाऊ नाही, बहीण नाही. "इथे सगळे तुमचे आहेत," ती म्हणाली, "माझ्या बाजूचं कुणीच नाही." पुढच्याच आठवड्यात संदीपनं परत जायचं ठरल्याचं सांगितलं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

मी एकच हट्ट धरला. जाण्याआधी ताराचं जावळ आमच्या डोंगरावरच्या आईपुढं काढायचं. लोणावळ्याच्या अलीकडे, डोंगरात, आमच्या कुळाची देवी आहे. आमच्या घरात आजवर एकही पोर तिच्या पायरीवर जावळ काढल्याशिवाय मोठं झालेलं नाही. मागदा लगेच हो म्हणाली. पण जावळ काढताना पोर बसतं मामाच्या मांडीवर. आंगडं-टोपडं मामानं आणायचं. आणि ताराला मामाच नाही! संदीपचा एक मित्र लोणावळ्यात तुंगार्लीला बंगल्यावर कामाला आहे, त्याला म्हटलं, बाबा, एक दिवस मामा हो. तो आनंदानं तयार झाला.

चैत्रातल्या रविवारी आम्ही घोरावाडी स्टेशनवरून लोकलगाडीत बसलो. ह्यांना चढ झेपेल का ही धास्ती होती, पण थांबत-थांबत ते चढले. वर गेलो तर गाभाऱ्याचं दार बंद, आत देवीचा अभिषेक चाललेला. न्हावी वस्तरा, कात्री, केसांचं यंत्र काढून तयार. आणि मामाचा फोन आला. "मावशी, माफ करा. बंगल्यावर पावणं लय आल्यात, मालक सोडंना. काय करू सांगा." सुट्टीच्या दिवशी लोणावळ्यात काय गर्दी उसळते हे मला ठाऊक होतं आणि तरी मी रविवारच धरला होता.

न्हावी म्हणाला, "बापाच्या मांडीवर बसवा. कोन बगतंय?" संदीपनं ताराला घेतलं, तर यंत्राचा आवाज ऐकून तिनं टाहो फोडला. हातपाय झाडले, बापाला चावली. सगळ्या पायऱ्यांवरची माणसं बघायला लागली. मागदा भिंतीला टेकून उभी होती. रडली नाही, नुसती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बघा आई. इथेही माझ्या बाजूचं कुणी नाही." ते मला असं लागलं की काय सांगू. मी त्या बंद दाराकडे वळले आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा देवीशी बोलले. भांडायचं त्राण नव्हतं. म्हटलं, आई, मी हिला धरून ठेवायला बघत होते. सोडलं मी. तुझी लेक आहे, ठेव नाहीतर ने. माझं काही मागणं नाही.

खरंच सांगते, मन हलकं झालं. पदरानं डोळे पुसत होते तेवढ्यात शेजारच्या पायरीवरून एक माणूस उठला. पांढरा सदरा, लेंगा, डोक्याला टोपी, पन्नाशीच्या आसपासचा. मांडीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन तो मघापासून दार उघडायची वाट बघत बसला होता. जवळ आला आणि म्हणाला, "मामा न्हाई का हो पोरीला? म्या बसतो की."

आमचे हे म्हणजे माणूस भेटला की आधी नाव-गाव विचारणार. त्यांनी लगेच सुरू केलं, "कुठले तुम्ही? कोणाचे?" तो हसला. "पाव्हणं, आधी पोर रडायची थांबू द्या. मग सोयरीक काढू." आणि मांडी घालून बसला, ताराला घेतलं, खिशातून एक छोटी घंटा काढून तिच्या हातात दिली. गाईच्या गळ्यातली होती. तारा ती हलवत बसली. जावळ निघालं तरी तिला पत्ता नाही! न्हावीसुद्धा म्हणाला, "मामाचा गुण हाय."

मग त्याची गोष्ट कळली. पवनेच्या धरणाकडच्या गावात त्याची गुरं, दुधाचा धंदा. पाठची एकुलती एक बहीण तरुणपणीच गेली. तेव्हापासून दर चैत्रात तो देवीला साडी आणायचा, बहिणीला द्यायची ती देवीला. दरवर्षी मंगळवारी यायचा, पण या मंगळवारी गाय व्यायली म्हणून राहिलं आणि आजचा रविवार धरला. आल्यावर दार बंद, म्हणून पायरीवर बसून राहिला. बोलता-बोलता त्यानं जवळची ती कागदाची गुंडाळी सोडली. आत हिरवी काठाची साडी आणि खण. खण त्यानं ताराच्या अंगावर पांघरला, "आंगडं-टोपडं काय आणलं न्हाई, ह्येच घ्या." आणि साडी हातात घेऊन तो घुटमळला. एकदा दाराकडे बघितलं, एकदा मागदाकडे. शेवटी माझ्याकडं वळून म्हणाला, "मावशी, ओटीत घाला तिच्या. भाच्चीची आई म्हंजी माजी भनच की."

मागदानं पदर पसरला. मी साडी तिच्या ओटीत घातली. तेवढ्यात गाभाऱ्याचं दार उघडलं. गुरव बाहेर आला आणि तो माणूस ओशाळून त्याला म्हणाला, "देवीची साडी हिला दिली बगा. आता देवीला काय?" गुरवानं मागदाकडे पाहिलं, ओटीकडे पाहिलं. "अरं, पोचली की," एवढंच म्हणाला आणि पुढच्या माणसाचा नारळ घेतला.

कुणी याला योगायोग म्हणेल. म्हणू दे, मला वाद घालायचा नाही. गाय मंगळवारी व्यायली, मालकानं सोडलं नाही, दार उशिरा उघडलं, हे सगळं साधंच आहे. उतरल्यावर गाडीची वाट बघत फलाटावर बसलो होतो. मागदा माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "आई, तो ताटाचा माणूस होता." मला क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा मी फलाटावर चारचौघांत हमसून रडले.

उन्हाळ्यात ते पोलंडला गेले, पण परतीची तिकिटं काढून. हे मागदानंच ठरवलं. आईला भेटली, तिला साडी नेसून दाखवली आणि भातलावणीच्या आधी घरी आली. आणि दिवाळीला, वसुबारसेच्या सकाळी, दाराशी दादा उभे, डोंगरावर साडी देणारे तेच, आमचा पत्ता घेऊन गेलेले. हो, मागदा त्यांना दादाच म्हणते. एका हातात दुधाचा कॅन, खांद्यावर रिकामी पिशवी. "भनीला न्यायला आलोय," म्हणाले. मुराळी! पोलंडच्या पोरीला माहेरी न्यायला मावळातला मुराळी आला होता. ज्या शेजारणी 'हिला दिवाळीला कोण नेणार' म्हणून गालात हसायच्या, त्या सगळ्या बघायला दारात. मी मागदाला हिरवी साडी नेसवली, डोक्यावरून पदर दिला आणि सगळ्या आळीतून वाजतगाजत नेल्यासारखी मिरवत नाक्यापर्यंत सोडून आले. त्या दिवसाइतकी ताठ मी माझ्या लग्नातही चालले नसेन. भाऊबीज करून आली ती गाल वर आणून आणि दादांच्या बायकोचा, वहिनींचा, दाखला देऊन मला शिकवायला लागली. "वहिनी आमटीत एवढं तिखट घालत नाहीत!"

त्या नाताळला सहाव्या ताटावर दादा बसले. मला वाटलं, झालं, आता ते ताट भरलं. तर मागदानं कपाट उघडून सातवं मांडलं. "दादा आता घरचे," म्हणाली. "न बोलावलेल्याचं वेगळं."

आणि खरी पावती मिळाली ती गेल्या चैत्रात. आमचं दोघींचं कडाक्याचं वाजलं. मी ताराला जेवणाच्या तोंडावर चहात बुडवून बिस्किटं दिली, ती बोलली, मी बोलले, ती जास्त बोलली, मी त्याहून जास्त. शेवटी तिनं पिशवी भरली, ताराला चपला घातल्या आणि दारात उभी राहून म्हणाली, "मी माहेरी चालले!" आणि खरंच गेली.

संदीप कामावरून आला, ऐकून पांढराफटक. "आई, पासपोर्ट नेला का तिनं?" मी कपाट उघडलं. पासपोर्ट जागच्या जागी होता. नेली होती ती वहिनींसाठी भरून ठेवलेली लोणच्याची बरणी. तेवढ्यात दादांचा फोन आलाच, "पोचल्या वं दोगी. कामशेतास्नं घिऊन आलोय. चार रोज राहू द्या, डोकं निवल." मी फोन ठेवला आणि हसायला लागले, हसता-हसता डोळ्यांतून पाणी. रुसून माहेरी जाणारी सून! जगातल्या कुठल्या सासूला या गोष्टीचा एवढा आनंद झाला असेल? मी देव्हाऱ्यापुढं नारळ वाढवला. भांडले नाही, काही मागितलं नाही. म्हटलं, आई, मी मुठीत धरून ठेवली होती तेव्हा ही निसटत होती. सोडली, तर तू तिला माहेरासकट परत दिलीस.

संध्याकाळी ताटं मांडली. घरात आम्ही तिघंच होतो. तिघांची मांडली, मग हातानं आपोआप चौथं घेतलं. नाताळ नव्हता, काही नव्हतं. ह्यांनी विचारलं, "कोण यायचंय?" म्हटलं, मला काय माहीत. मांडायचं काम आपलं, कुणाला बसवायचं ते आई बघेल.