वरची बाजू

स्वयंसेविकेचे नाव: मेघा श्रीधर गजभिये. वय: एकोणचाळीस. राहणार: वाडी, अमरावती रोड, नागपूर. व्यवसाय: ट्रान्सपोर्टच्या गोदामात आलेला माल तपासून घेणे. समुद्राचा पूर्वानुभव: निरंक. वन्यजीवांचा पूर्वानुभव: निरंक (गोदामातील मांजरे धरलेली नाहीत). पोहणे: निरंक. शिफारस: मामेभाऊ.

हा अर्ज श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका कासव केंद्राने मंजूर केला. मामेभाऊ धम्मानंद तिथेच नोकरीला होता, आणि त्या महिन्यात दुसरा अर्जच आला नव्हता. गोदामाच्या मालकांनी रजेचं कारण दोनदा वाचलं. "कासवं? तुले काय करायचं हाय वं त्याइचं?" मेघा म्हणाली, "पाहाचं हाय." रजा मिळाली. बिनपगारी.

पहिले नऊ दिवस तिने वाळूतलं प्लास्टिक वेचलं. दहाव्या दिवशी सकाळी दिसलं की समुद्राने किनारा कापत आणलाय आणि एक घरटं पाण्यापासून जेमतेम दहा पावलांवर राहिलंय. दुपारच्या भरतीत ते जाणार, हे सांगायला तज्ज्ञ नको होता.

केंद्रप्रमुख निलुका मात्र हलवायला तयार नव्हती. अंडी तीन आठवड्यांची. आतला जीव वरच्या बाजूला चिकटलेला असतो. अंडं फिरलं की तो मरतो.

"म्हणजे माल पाण्यात सोडून द्याचा काय गा?" मेघाने धम्मानंदला विचारलं.

त्याने ते सिंहलीत सांगितलं; 'माल' शब्द बहुधा गाळून. निलुकाने घड्याळ पाहिलं. काढा म्हणाली, पण एक जरी अंडं फिरलं तर काम तिथंच बंद.

मेघाने गुडघे टेकून वाळू उकरली. पहिलं अंडं अलगद उचललं आणि सरळ उलटं करून त्याचा तळ पाहिला.

"ताई! फिरवलं काहून वं?" धम्मानंद ओरडला.

वाडीच्या गोदामात सोळा वर्षांत तिने एकही खोका तळ पाहिल्याशिवाय घेतला नव्हता. तळ ओला म्हणजे आतला माल गेला. हात डोक्याला विचारत नाही.

"ओलं हाय का, पाहून राहिली होती," ती म्हणाली.

निलुकाने अंड्यांसाठी आणलेली बादली बाजूला सारली. एक लाट सात पावलांवर येऊन परतली.

मेघाने अंबाड्यातली पेन्सिल काढली. हातातल्या अंड्यावर फुली मारून ते वेगळं ठेवलं, जसं फुटका माल वेगळा ठेवतात. मग खड्ड्यात वाकली आणि पुढच्या अंड्याला जागेवरून न हलवता त्याच्या माथ्यावर बारीक बाण काढला. काचसामानाच्या खोक्यावर वरची बाजू सांगायला असतो तसा. तेव्हा कुठे ते उचललं. बाण वरच होता.

निलुकाने बादली पुन्हा पुढे सरकवली.

त्यानंतर फक्त मोजणी ऐकू येत होती. बाण, उचल, ठेव. साठाव्या अंड्याला पाणी चार पावलांवर होतं. ऐंशीनंतर मेघा भराभर उचलू लागली, तेव्हा धम्मानंदने तिचं मनगट खालून धरलं. "घाई नको करू, ताई." "तू चूप बैस. मोजणी चुकवशील." शेवटची अकरा अंडी तळाशी ओल्या वाळूत होती. ती निघाली आणि पुढच्या लाटेने खड्डा भरला. एकूण एकशे आठ. उंचावरच्या नव्या खड्ड्यात सगळी ठेवली, फुलीचंसुद्धा.

महिन्याभराने वाडीत ट्रक रिकामा होत असताना धम्मानंदचा फोन आला. तिने आधी विचारलं, "फुलीवालं?"

"नाही वं, ताई."

तिने बरं म्हटलं आणि पुढच्या खोक्याचा तळ पाहिला.

केंद्राचं प्रमाणपत्र टपालाने आलं. त्यात नोंद अशी: 'किनारा स्वच्छतेत सर्वसाधारण साहाय्य. तांत्रिक कामाचा अनुभव: निरंक.'

बाण काढलेल्या एकशे सात अंड्यांतून एक्याण्णव पिल्लं समुद्रात गेली.