न घेतलेली रायफल

बंदुकीच्या दुकानात मी पहिल्याच झटक्याला बोट चेमटवून घेतलं. रायफलच्या चापाभोवतीची लिव्हर खाली ओढून परत मिटली की गोळी भरली जाते, हे दुकानदारांनी नीट दाखवलं होतं. मी ऐटीत ओढली आणि मिटताना तर्जनी मध्येच ठेवली.

"रिकामी होती म्हणून बरं," ते शांतपणे म्हणाले.

तरी ती जुनी विलायती रायफल मनात भरलीच. वडिलांची दुनळी बंदूक झिजून बाद झाली होती आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावर एकच हत्यार घेता येणार होतं. डोंगरपायथ्याच्या आमच्या वाडीत बायकोने लावलेल्या रताळ्यांचे सहापैकी चार वाफे रानडुकरांनी नांगरून टाकले होते. उरलेले दोन वाचवायला वनखात्याची परवानगी होती, बंदूकच नव्हती.

"हिला गोळी कुठली देता?" मी जाणकारासारखं विचारलं.

"थांबा साहेब. डुकराच्या मागे काय आहे?"

"शेपूट."

ते हसले नाहीत. "गोळी डुकरातून निघून लांब जाते. तिथे काय आहे?"

तिथे इमारती होत्या. लोकांना जवळची एव्हरशाईन सिटी ही वसाहत पुरली नाही. आता सात मजले थेट आमच्या कुंपणाला टेकलेत. बाल्कन्यांत लहान मुलांचे कपडे वाळत असतात.

रायफल परत दिली. बारा बोअरची दुनळी घेतली आणि मोठ्या छऱ्यांची एल.जी. काडतुसं. छरे लवकर दमतात, पण डुक्कर वीस-पंचवीस पावलांवर यावं लागतं. वडील शेतात बांधलेल्या उंच माळ्यावरून खालीच नेम धरत, चुकला तर मातीत. मीही माळा बांधला, इमारतींकडे पाठ करून.

तिसऱ्या दिवशी उजाडताना डुक्कर आलं ते नेमकं पाठीमागून, इमारतींच्या बाजूने. बायकोची रताळी माझ्या डोळ्यांदेखत कचाकचा खाऊ लागलं. मी बोट चापाबाहेर ठेवून बसून राहिलो. अर्धा वाफा संपवून ते डोंगराच्या बाजूला, माळ्यापुढे आलं, तेव्हा एकच बार टाकला. जागीच पडलं.

वनरक्षकाने पंचनामा करून ते पुरायला लावलं. त्याला, शेजाऱ्यांना, दूधवाल्याला मी सगळी हकीकत ऐकवली. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

बायको टोपली घेऊन आली. "अहो, लोक मारलेल्या डुकराच्या बढाया मारतात. तुम्ही न घेतलेल्या रायफलीच्या मारताय! बरोबर केलंत पण. चला, राहिलेला दीड वाफा आजच खणून काढू."