एका ओळीचं पान

वसंतकाका गेल्याचा निखिलदादाचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या ऑनलाइन मिटिंगमध्ये होते, नेहमीसारखी म्यूटवर. त्याला आता सात आठवडे झाले. लॉकडाऊनमुळे अंत्यविधीला दहाच माणसं जाऊ शकली. सिडनीच्या गिरावीन उपनगरात त्यांच्यापासून दोन घरं पलीकडे राहूनही आम्ही तो लॅपटॉपवर बघितला.

काका म्हणजे आमच्या शेजारच्या निखिलदादाचे वडील. भारतात एका अणुवीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये त्यांनी आयुष्यभर शिफ्ट केल्या आणि रिटायर झाल्यावर ते मुलाकडे सिडनीला आले. मी एका एनर्जी कन्सल्टन्सीत नवीन. तेव्हा व्यायामासाठी दोघांनाच एकत्र बाहेर पडता यायचं, म्हणून मी त्यांच्याबरोबर चालायला जायचे. मला फारसं बोलता येत नाही. त्यांचं त्यावाचून अडत नसे.

आमच्या टीमचा तेव्हा एक रिपोर्ट चालू होता. इथल्याच एका गावातलं कोळशाचं वीजकेंद्र बंद झाल्यावर तिथे काय आणायचं, हा विषय. अणुऊर्जेवर त्यात एकच ओळ होती: कायद्याने बंदी असल्याने विचार केलेला नाही. ती मीच लिहिली होती. काकांना सांगितलं तर ते चालता चालता थांबले.

"युरेनियम खणून जगाला विकता, आणि रिपोर्टमध्ये एक ओळ?"

"काका, इथे ते लीगलच नाहीये."

"मग नाही म्हण. पण आधी विचार कर, मग नाही म्हण."

अणुवीज हवीच, असा त्यांचा हट्ट नव्हता. केंद्र आलं तशी त्यांच्या भागात शाळा आली, हॉस्पिटल आलं, गॅरेजवाल्याची मुलं इंजिनिअर झाली... आणि कोळ्यांची जमीन गेली, तेही ते त्याच आवाजात सांगायचे. इथे शून्यापासून सुरुवात करायला फार खर्च आणि फार वर्षं लागतील, हे त्यांना मान्य होतं. फक्त दिवसरात्र चालणारी, धूर नसलेली वीज आणि त्या गावातल्या टर्बाइनवाल्यांच्या नोकऱ्या, यांचा विचार कागदावर दिसावा एवढंच त्यांचं म्हणणं.

मंगळवारच्या मिटिंगमध्ये मी हे मांडेन असं कबूल केलं. मांडलं नाही. संध्याकाळी त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून "हो, बोलले" निघून गेलं. कंट्रोल रूममध्ये प्रत्येक सूचना शब्दशः परत म्हणून दाखवायची पद्धत असते. त्यामुळे काका म्हणाले, "काय बोललीस? जसंच्या तसं सांग." मग मी अख्खी मिटिंग रचली, मॅनेजरच्या प्रश्नांसकट.

"माझ्या शिफ्टमध्ये घेतली असती तुला," ते म्हणाले. नऊ दिवसांनी त्यांना हार्ट अटॅक आला...

तेरावं झाल्यावर निखिलदादा मास्क लावून आमच्या दारात उभा होता. "बाबांनी जुन्या शिफ्टवाल्यांच्या ग्रुपवर तुझी सगळी मिटिंग टाकली होती. ते विचारतायत, रिपोर्ट कधी येतोय?"

पुढच्या मिटिंगमध्ये मी अनम्यूट केलं. मॅनेजरने ऐकून घेतलं. "हे महिन्यापूर्वी सांगायला हवं होतंस," ती म्हणाली. "हो," मी म्हटलं. त्या ओळीचं एक पान झालं. निष्कर्ष तोच राहिला, त्या गावाला याचा वेळेत उपयोग नाही. पण का नाही, ते आता वाचता येतं.

रिपोर्ट आल्यावर मी निखिलदादाला त्या ग्रुपमध्ये घ्यायला सांगितलं. पान पाठवलं, आणि खाली लिहिलं की काकांना सांगितलेली मिटिंग झालीच नव्हती. खरी त्यांच्यानंतर झाली.  मग त्या शिफ्टवाल्यांपैकी एका काकांचा मेसेज आला.

"पान वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात केंद्राची क्षमता आणि प्रत्यक्ष वीजनिर्मिती यांत तुझी गल्लत झाली आहे. वसंताने लगेच पकडली असती. उद्या फोन कर."