लोकर आटवणारी नणंद

भर उन्हाळ्यात लोकरीला हात लावणारी बाई साऱ्या वऱ्हाडात एकच, आणि ती माझी अकोल्याची नणंद. मे महिन्यात आपण कुलरसमोरून हलत नाही, तेव्हा ही गच्चीवर साबणाच्या उकळत्या पाण्यात जुनी स्वेटरं ढवळत असते. स्वेटर आटून निम्मं झालं, नमद्यासारखं जाड झालं, की कापायचं. मग ते उसवत नाही म्हणते. त्याच्या सपाता करते, टोप्या करते, गरम पातेलं उतरवायची फडकी करते. आपण जुने कपडे देऊन भांडेवालीकडून डबे घेतो. ही डबे देऊन तिच्या गाठोड्यातून स्वेटरं काढून घेते. "वयनी, डब्बे कुटंबी भेटतात. अशी लोकर भेटते काय?" लोकर खरी की नकली हे पाहायला धागा ओढून काडी लावते, केस जळल्यासारखा वास आला की खरी. थंडीतल्या एका लग्नात तिनं नवरदेवाच्या मामाच्या मफलरचा धागा मागून ओढला. मामानं वळून पाहिलं तर हिच्या हातात काडेपेटी! "काई नाई जी," म्हणे, "माल चांगला हाय तुमचा."

आमचे हे, म्हणजे तिचा थोरला भाऊ, गेले, त्या वर्षी दिवाळीआधी ती अमरावतीला आली ती एकच मागणं घेऊन. लग्नाआधी तिनं स्वतः विणून दिलेलं त्यांचं निळं, गुंड्यांचं स्वेटर तिला हवं होतं. ते आटवून आसन करायचं आणि भाऊबीजेला त्यांच्या पाटावर टाकायचं. मी म्हटलं, "भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात ना, बाई."

"चंद्र काय जेवाले येते?"

त्यांचे बाकीचे कपडे मी वाटून टाकले होते, राहिलं होतं एवढंच. आणि एकदा आटलेलं स्वेटर काही पुन्हा मोठं होत नाही. तरी दिलं, भाऊ तिचाच ना! आधी धागा जाळून पाहा म्हटलं, तर खेकसलीच, "दादाच्या कपड्याले मी काडी लावू?"

उकळलं, चोळलं, आपटलं, पुन्हा उकळलं. स्वेटर जसं गेलं तसंच बाहेर आलं. पोरवयात हौसेनं आणलेली ती लोकर नकलीच निघाली. मला आतून हायसं वाटत होतं, पण तिचं तोंड पाहवेना. स्वेटर पिळून दोरीवर टाकत म्हणाली, "दादानं कोनाचं आयकलं काय कदी? त्याचं स्वेटर काय आयकीन!"

भाऊबीजेला तिनं ते तसंच, अख्खं, पाटावर मांडलं आणि तबक घेऊन बसली. टिळा कुठं लावावा, एवढ्यावरच जरा अडली. मग गळ्याजवळच्या गुंडीवर लावला, दोन्ही बाह्या सारख्या केल्या आणि ओवाळू लागली.