आधीची बाई

"मेकअप नको. हिला तशीच उभी करा. अस्सल वाटते."

सर हे माझ्याशी बोलले नाहीत. कॅमेरावाल्याशी बोलले. मी मध्ये उभी होते, हातात स्क्रिप्ट घेऊन. ती स्क्रिप्ट मीच लिहिली होती.

अंबरनाथच्या एमआयडीसीतली आमची कंपनी रोबो बनवते. माणसासारखा दिसणारा नव्हे. नुसता एक लांब हात. पोती उचलतो, रचून ठेवतो, थकत नाही. मी तिथं मार्केटिंगला. माहितीपत्रकं लिहायची, प्रदर्शनात स्टॉल लावायचा, कंपनीचं इंटरनेटवरचं पान सांभाळायचं. आम्ही ठाकूर, आदिवासी. बारवी धरणाच्या बाजूला आमचा पाडा. तिथून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी. ऑफिसात मात्र मी फक्त 'बदलापूर' सांगायचे. बदलापुरात माझी भाड्याची खोली होती, म्हणजे खोटं नव्हतं. पण आधार कार्डावर पाड्याचं नाव होतं, आणि सरांनी ते पहिल्याच दिवशी वाचलं. "अरे वा, जंगलातून थेट रोबोटिक्स!" सगळे हसले. मीही हसले.

तर ती फिल्म. दोन भाग. 'आधी' आणि 'आता'. 'आधी'मध्ये मजूर बाई डोक्यावरून पोती वाहते. 'आता'मध्ये रोबो पोती उचलतो आणि पांढरं हेल्मेट घातलेली इंजिनीअर मुलगी नुसतं बटण दाबते. 'आधी'साठी ठरवलेली नटी ऐनवेळी आलीच नाही. ऑफिसात आम्ही दोघीच बायका. मी आणि एचआरमधली मुग्धा. इंजिनीअर दोघीही नव्हतो. सरांची नजर फिरली आणि माझ्यावर थांबली. हेल्मेट मुग्धाला मिळालं.

साडी कॅन्टीनच्या मावशींची. ती मागून आणायलाही मलाच पाठवलं.

कॅमेरावाला उल्हासनगरचा. कॅम्प पाचमध्ये त्याचा स्टुडिओ, एरवी लग्नांची शूटिंग करायचा. त्यानं जवळ येऊन हळूच विचारलं, "मॅडम, आपको चलेगा ना?"

सबंध दिवसात मला विचारणारा तो एकटाच. आणि मी म्हणाले, "चलेगा."

तो शब्द माझा. तो मी दुसऱ्या कोणाच्या माथी मारणार नाही.

पोत्यात थर्माकोल भरला होता. मी पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, वर पोतं घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. हातांनी आपोआप केलं. आई बदलापूरच्या बिल्डिंगींवर घमेली वाहायची, तिचं बघून बघून आलेलं.

सरांनी टाळी वाजवली. "बघा! शिकवावं लागत नाही. रक्तातच असतं."

शूटिंग संपल्यावर मुग्धा म्हणाली, "किती नॅचरल केलंस गं!" तिला खरंच कौतुक वाटत होतं. ते जास्त लागलं.

फिल्म पानावर मीच चढवली. माझं कामच ते. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात माझं नाव पडलं, 'आधी'. "काय आधी, चहा घेणार का?" दर वेळी मी हसायचे. खोलीवर गेले की कोणाशी बोलावं ते कळायचं नाही. बोलण्यासारखं माणूसच नव्हतं.

रविवारी पाड्यावर गेले. मला लांबून बघितलं की आई उठून पुढं येते. त्या दिवशी उठली नाही. चुलतबहिणीनं तिला फोनवर फिल्म दाखवली होती.

"ऑफिसात जातंस ना तू?" आई म्हणाली. "मंग मना खोटा कशाला सांगत व्हतीस गो?"

तिला वाटलं, मी एवढी वर्षं हमालीच करतेय. मी समजावत राहिले. जाहिरात आहे, नाटक असतं तसं आहे. तिनं माझा हात ओढला, उलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला. घट्टे शोधत होती. घट्टे नव्हते. मला वाटलं, आता तिचा जीव भांड्यात पडेल.

तिनं हात सोडून दिला.

"मंग आमचा सोंग कशाला काढलंस?"

तिची वाकलेली मान, ओझ्यानं टाळूवर विरळ झालेलं तिचं डोकं, ते मी थर्माकोलच्या पोत्याखाली करून दाखवलं होतं. साहेबांनी टाळी वाजवावी म्हणून. आईनं मला वाढलं, पण समोर बसली नाही. मी एकटी जेवले. आईच्या घरात पहिल्यांदा एकटी जेवले.

सोमवारी ऑफिसात गेले. खांद्यावरची बॅगही उतरवली नाही. पान उघडलं, फिल्म काढली. मग सरांच्या केबिनमध्ये गेले.

"फिल्म मी काढलीय. त्यातली बाई मी आहे, आणि आता माझी परवानगी नाही."

सर हसले. "अगं, ॲक्टिंग होती ती. एवढं काय मनाला लावून घेतेस? इथं आम्ही जात-बित मानत नाही."

"मग हेल्मेट मला का नाही दिलं?"

हसू गेलं. "माफीचं पत्र दे. नाहीतर राजीनामा."

"दोन्ही देणार नाही, सर. काढायचं असेल तर तुम्ही काढा. पण कारण लेखी द्या."

एवढं बोलून मी बाहेर आले, जागेवर बसले आणि मग बॅग उतरवली.

ते कारण अजून लिहून झालेलं नाही. मात्र ऑफिसच्या ग्रुपमधून माझा नंबर गेला. जेवायच्या टेबलावर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. प्रदर्शनाला मला नेत नाहीत. मुग्धा एकदा आली. "सॉरी म्हणून टाक ना, विषय संपेल." मी म्हणाले, "तुमचा संपेल." त्यानंतर ती आली नाही.

आईला सगळं सांगितलं. "बरा," म्हणाली. तिचा राग गेला की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही.

एकटेपणाची भीती गेली, असं मी म्हणणार नाही. वाटते. रोज सकाळी ऑफिसचं दार ढकलताना वाटते. पण मी राजीनामा देणार नाही. इथून माझ्याविषयी, माझ्या माणसांविषयी जे बाहेर जाईल, ते मला विचारून जाईल. न विचारता गेलं, तर पुन्हा काढून टाकीन. तेव्हा मीही कोणाला विचारणार नाही.